अण्णांचं बिनभिंतींचं घर

अण्णांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती भिंतीतून, आणि अण्णांनी मला तिथूनच परत बाहेर काढलं.

"भिंतीतनं काय येतेस गं अम्मा? दार तिकडं आहे की. दारानं ये."

मी इकडेतिकडे पाहिलं. आम्ही के. आर. पुरममधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे होतो. वर आभाळ, बाजूला पाण्याची टाकी आणि माझ्या हातात ओल्या कपड्यांची बादली. भिंत कुठेच नव्हती. पायाखाली मात्र पिवळ्या ऑइलपेंटच्या रेघा ओढलेल्या होत्या आणि त्यांत एके ठिकाणी दाराएवढी जागा सोडलेली होती. मी मुकाट्याने वळसा घालून त्या जागेतून आत शिरले. अण्णांचा चेहरा खुलला. "बन्नी, बन्नी, ये आत," ते म्हणाले, "हा हॉल. बस." बसायला अर्थातच काही नव्हतं.

अण्णा म्हणजे नागोजीराव, आमचे वरच्या मजल्यावरचे शेजारी. त्यांचं घराणं बेंगळुरूत इतक्या पिढ्या मुरलंय की त्यांच्या मराठीत कन्नड कधी शिरलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. मी निपाणीची, त्यामुळे माझं दोन्हीकडे भागतं. त्यांच्या बायकोला सगळी इमारत अक्का म्हणते. नवरा अण्णा आणि बायको अक्का, तेव्हा ही भावंडं असावीत अशी माझी सुरुवातीला प्रामाणिक समजूत होती.

अण्णांची नोकरी पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात झाली. तयार झालेले सुटे भाग मोजायचे आणि पास किंवा नापास करायचे, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर सुटे भाग येईनासे झाले, म्हणून ते जगालाच मोजू लागले. माझ्या चपात्या त्यांनी एकदा उजेडाला धरून पाहिल्या. "गोल आहेत. जाडी मात्र सारखी नाही. रिजेक्ट," असं म्हणून त्यांनी त्या तुपाबरोबर संपवल्या.

हे अख्खं शहर 'स्वल्प ॲडजस्ट माडी' या एका वाक्यावर चालतं. जरा सांभाळून घ्या म्हटलं की रिक्षात जादा माणूस मावतो आणि बंद झालेल्या काउंटरवर एक पावती फाटते. अण्णांसमोर हे वाक्य उच्चारायची सोय नाही. ते लगेच तळहात पुढे करतात. "ॲडजस्ट बेडा, नको. मापात सांगा."

तर असा माणूस आयुष्यात पहिल्यांदा घर बांधायला निघाला. आजवर दोघं 'भोग्या'च्या घरात राहिले. म्हणजे घरमालकाला एकरकमी पैसे द्यायचे, भाडं नाही, आणि सोडताना तेवढेच पैसे परत घ्यायचे. निवृत्तीच्या पैशांतून शहराबाहेर आनेकलच्या पुढे एक लहानसा प्लॉट घेतला. उरलेले आणि भोग्याचे मिळून घर उभं करायचं, आणि त्यापलीकडे त्यांच्याकडे दमडी नव्हती. एवढ्यात बसलं तर घर, नाहीतर जन्मभर दुसऱ्याचं छप्पर, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी हॉलमध्ये उभ्या उभ्या सांगून टाकलं.

विटांचं घर त्यांना नकोच होतं. कारखान्यात तयार होऊन ट्रकमधून येणारं, क्रेनने उभं करायचं घर हवं होतं. का, तर "गवंडी कितीही चांगला असू दे, भिंत चार बोटं इकडंतिकडं होणारच. फॅक्टरीत बोटं नसतात, मिलिमीटर असतात." कंपनीने घराची किंमत सांगितली ती ऐकून आम्ही सगळे गार झालो, इतकी ती कमी होती. मग हळूहळू कळलं की त्या किमतीत पाया धरलेला नाही. ट्रकचं भाडंही नाही. घर ट्रकमधून खाली उतरवायचं असेल तर क्रेनचे पैसे वेगळे, आणि घरात दिवा लावायची हौस असेल तर मीटरचेही वेगळे.

दर आठवड्याला असं काहीतरी नवीन निघायचं आणि अण्णांना कशावर तरी पाणी सोडावं लागायचं. गाडी उभी करायची जागा गेली, भिंतीतली कपाटं गेली, कंपाउंडची भिंत जाऊन तारेचं कुंपण आलं. पण गच्चीवर खऱ्या मापात आखलेल्या या घराच्या पिवळ्या रेघा एक इंचही हलल्या नाहीत. "हॉल जरा लहान करा की, पॅनेलचे पैसे वाचतील," मी एकदा सुचवलं. अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चपाती झाले.

त्या रेघांच्या घरात दोघं रोज संध्याकाळी जाऊन यायचे. अण्णांच्या कोपराला धरून अक्का जिना चढायच्या आणि मग दारातून आत, हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून न्हाणीघरात अशा एकट्या फिरायच्या. हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये टाकीचा पाइप आडवा गेला होता, तेवढा मात्र पाय उचलून ओलांडावा लागे. अक्का हाताने हवेतला नळ उघडायच्या, बंद करायच्या. मला वाटायचं, नवऱ्याचं खूळ किती हौसेने सांभाळते ही बाई! इमारतीतल्या बायका वैतागायच्या, कारण त्यांच्या साड्या हमखास अण्णांच्या बेडरूममध्ये वाळत असायच्या आणि अण्णा त्यांना दाराबाहेरून हाका मारायला लावायचे.

अण्णांची स्वतःसाठी मागणी एकच होती. घराच्या मागे शेड. पीण्याहून भंगाराच्या भावात आणलेलं एक छोटं लेथ मशीन कित्येक वर्षं त्यांच्या दिवाणाखाली गोणपाटात गुंडाळून ठेवलंय. "शेडमध्ये लेथ लावणार. मग बघ," असं ते म्हणायचे. काय बघ, ते कधी सांगायचे नाहीत, पण त्यांचे डोळे चमकायचे.

आणि आनेकलला बोअर मारली. पाणी लागलं, भरपूर लागलं, पण लागलं नेमकं डाव्या बाजूला. नकाशात न्हाणीघर आणि शौचालयाची टाकी तिथेच होती. बोअरशेजारी शौचालयाची टाकी ठेवता येत नाही. कंपनीचा इंजिनिअर मोठा हुशार. म्हणाला, "अण्णा, सिंपल. आरशात दिसतं तसं फिरवून टाकू. डावीकडचं उजवीकडे. मापं तीच, एक रुपया जास्त नाही."

ऐकून मला हायसं वाटलं. अण्णा म्हणाले, "नाही."

"मग पाइप मागून फिरवून टाकी उजव्या कोपऱ्यात न्यावी लागेल. तुमच्या शेडच्या जागेत."

"न्या."

"अण्णा, शेड जाईल. खर्चही वाढेल. स्वल्प ॲडजस्ट—"

"घर फिरवायचं नाही. टाकी न्या."

मी त्यांच्याबरोबर गेले होते. परतताना बसमध्ये मी त्यांच्याशी भांडले. फुकटात सुटणारा प्रश्न पैसे मोजून सोडवायचा, वर इतक्या वर्षांचं स्वप्न शौचालयाच्या टाकीखाली गाडायचं, याला काय म्हणायचं? अण्णा खिडकीबाहेर बघत होते. "सरी, सरी," म्हणजे बरं बरं, एवढंच म्हणाले.

त्यानंतर घरमालकाने गच्चीला गळतीसाठी पांढरा लेप दिला. सगळ्या पिवळ्या रेघा त्याखाली गेल्या. अण्णांचं काय झालं असेल म्हणून मी संध्याकाळी धावत वर गेले, आणि जिन्याच्या तोंडाशीच थांबले.

पांढऱ्याफेक, कोऱ्या गच्चीवर अक्का चालत होत्या. एकही रेघ नव्हती. तरी त्या दारातून आत आल्या, हॉल ओलांडला, पाइपाशी पाय उचलला, स्वयंपाकघरात डावीकडे वळल्या आणि नळ उघडला. कुठे अडखळल्या नाहीत, कुठे थांबल्या नाहीत. इतकं नेमकं चालताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. माझी चाहूल लागली तशा त्यांनी मान वळवली, माझ्या चेहऱ्याच्या थोडं बाजूला बघत विचारलं, "कोण ते? दारानं या हं."

अण्णा उलट्या बादलीवर बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला काही विचारावंच लागलं नाही.

"डोळे जातायत तिचे," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर सांगितले, नजर राहणार नाही. दिसतंय तोवर घर पाठ करून घे म्हटलं तिला. केलं बघ. मला चुकतं, तिला चुकत नाही." मग म्हणाले, "आता तो डावीकडचं उजवीकडं करतो म्हणतो. तिनं कसं करायचं गं?"

बसमध्ये मी किती तावातावाने हिशेब मांडला होता! ज्या माणसाला आम्ही मिळून खुळ्यात काढलं होतं, तो आपल्या बायकोला तिचा उजेड जायच्या आत एक घर देऊ पाहत होता. त्यांच्या जिद्दीपुढे मला माझं शहाणपण फार किरकोळ वाटलं. "आणि लेथ?" मी विचारलं. "दिवाणाखाली बरं आहे की," अण्णा म्हणाले.

घर ट्रकमधून आलं, क्रेनने उभं राहिलं आणि पैसे संपायच्या जरा आधी पुरं झालं. अण्णांनी ते कानाकोपऱ्यांसकट मोजलं. मग इंजिनिअरच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पास." तो पोरगा लाजला.

गृहप्रवेशाला आम्ही सगळे आनेकलला गेलो. घरच्या बाईने पहिल्यांदा चुलीवर दूध उतू घालवायचं, हा इकडचा रिवाज. एव्हाना अक्कांना जवळजवळ काहीच दिसत नव्हतं. दुधाचं भांडं हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. मी धरायला पुढे झाले, तर अण्णांनी माझा हात मागे ओढला. "सोड. घर तिचं आहे."

अक्का आत शिरल्या. हॉल ओलांडला. आणि स्वयंपाकघराच्या तोंडाशी, गुळगुळीत सपाट फरशीवर, त्यांनी सवयीने पाय उचलला आणि तिथे नसलेला गच्चीवरच्या टाकीचा पाइप ओलांडला. दुधाचा थेंब सांडला नाही. इंजिनिअर खाली वाकून फरशीला काही झालंय का ते बघू लागला.

मागोमाग अण्णा गेले. त्यांनीही त्याच जागी पाय उचलला.

माझी पाळी आली, तेव्हा मीही उचलला.