डिकीतलं पोतं

"नुसती एक नजर टाकून येऊ," असं तो बायकोला म्हणाला आणि तिथंच सगळं फसलं. कारण नुसती नजर टाकणं हा प्रकार त्याला जमतच नसे. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासायची त्याची नोकरी. कुणाच्या घराला आग लागली तर बाकीचे लोक हळहळत, हा विचारायचा, "पण त्याच वेळी घरातली माणसं बाहेर कशी होती?" (एका गृहस्थाला त्यानं हे विचारलं, तेव्हा तो भाजलेला हात उगारून याच्या अंगावर धावून आला. यानं ताबडतोब लिहून घेतलं : हात व्यवस्थित हलतो.) कचेरीत त्याला सगळे शंकासूर म्हणत. बायको घरी तसं म्हणत नसे. ती नुसती बघायची, आणि ते जास्त लागायचं.

नजर टाकायची होती ती सासऱ्यांच्या गाडीवर. सासरे म्हणजे अप्पा. त्यांनी उभी हयात लोकांना गाडी शिकवण्यात घालवली होती. ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं तेव्हा त्यांनी छोट्या गाड्या विकून टाकल्या आणि ही एकच मोठी ठेवून घेतली. मोठी म्हणजे काय विचारता! जुन्या वळणाची, ऐसपैस, पुढं लांबच लांब नाक आणि मागं तेवढीच लांब डिकी. नाक आपल्या दारात उभं केलं तर शेपूट शेजाऱ्याच्या दारात जायची. शिवाय हल्लीच्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, ही मागच्या चाकांनी ढकलली जाई. आता अप्पांचा एक डोळा अधू झाला होता आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. घरातल्या कुणी नेली तर ठीक, नाहीतर सोमवारी भंगारवाला येणार होता.

"मला ती गाडी हवी आहे," बायकोनं सरळच सांगून टाकलं. "मी तिच्यावरच शिकले. ती भंगारात गेलेली मला बघवणार नाही. एवढ्या वेळी शंका काढू नका."

"शंका कुठं काढतोय? मी फक्त विचारतोय, अप्पा फुकट का देतायत?"

"मी त्यांची मुलगी आहे म्हणून."

"ते झालंच. पण खरं कारण काय?"

बायकोनं बघितलं. तिच्याकडे लग्नाआधीपासूनचं लायसन्स होतं, पण लग्नानंतर तिच्या हाती स्टीअरिंग कधी आलं नव्हतं. "तुझ्या हातावर माझा पूर्ण विश्वास आहे," तो म्हणायचा, "रस्त्यावर नाही." ती शेजारी बसायची, आणि रस्त्याबद्दल त्याला काय वाटतं ते ऐकत राहायची.

तरी त्यानं गुपचूप साडूला फोन केलाच. साडूचं औषधांचं दुकान होतं आणि आधी ही गाडी थोरल्या जावयाला म्हणून त्यालाच देऊ केली होती.

"आता तुला का?" साडू हसला. "घेऊ नकोस बाबा. ती आपली आपण थांबते."

"बंद पडते?"

"बंद पडली तर समजू शकतो. थांबते! इंजिन चालू, माझा पाय ब्रेकवर नाही, आणि गाडी जागच्या जागी उभी. एकदा नाही, तीनदा झालं. मी हात जोडले."

"आणि अप्पा काय म्हणाले?"

"काही नाही. म्हणाले, पुन्हा या."

झालं! मनात पाल चुकचुकली. साडूनं नाकारलेलं घोंगडं आता धाकट्या जावयाच्या गळ्यात. कुठंतरी पाणी मुरतंय याची त्याला खात्रीच पटली.

रविवारी सकाळी दोघं अप्पांकडे पोचली. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि अंगणापासून मोठ्या रस्त्यापर्यंतच्या कच्च्या चढावर चांगलाच चिकचिकाट झाला होता. गाडी शेडमध्ये धुऊनपुसून उभी होती. अप्पा ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आधीच बसलेले होते. मांडीवर शाल, हातात काठी.

"तपासा सावकाश," ते म्हणाले. "मला उभं राहवत नाही. मी इथंच बसतो."

त्यानं पिशवीतून टॉर्च, लोहचुंबक आणि स्क्रू ड्रायव्हर काढला. (बायकोला वाटलं होतं पिशवीत फळं आहेत.) ठोकाठोक झालेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली असली तर चुंबक चिकटत नाही, हे त्याला कामामुळं ठाऊक होतं. दारं, टप, बॉनेट, सगळीकडे त्यानं चुंबक लावून पाहिला. सगळीकडे चिकटला. यामुळं हा आणखीच गंभीर झाला. इतक्या जुन्या गाडीत एकही दोष नाही म्हणजे दोष किती सफाईनं लपवला असेल!

मग तो मागच्या सीटपाशी शिरला. तिथं पाय ठेवायच्या जागी मधोमध एक लांबट उंचवटा होता.

"अप्पा, हे काय?"

"त्याखालून दांडा जातो. इंजिन पुढं, जोर मागच्या चाकांना. मध्ये दांडा नको?"

"पण तो असा वर का आलाय? खाली लपवता आला नसता?"

"लपवला असता तर तुम्ही विचारलं असतं, का लपवला."

त्यानं तो उंचवटा स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकून पाहिला. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. भुईनं काही कबूल केलं नाही.

डिकी उघडली आणि मात्र त्याचे डोळे चमकले. आत एक भलंमोठं पोतं होतं, तोंड सुतळीनं करकचून बांधलेलं.

"यात काय आहे?"

"वाळू," पुढून अप्पा म्हणाले.

"गाडीत वाळू?"

"मागून हलकी आहे ती. ओल्या चढावर मागची चाकं जागेवरच फिरतात. वजन लागतं."

हे ऐकून तो मनातल्या मनात हसला. गळक्या डिकीतलं पाणी टिपायला वाळू ठेवायची आणि वर वजनाचं शास्त्र सांगायचं! सुतळी सुटेना म्हणून त्यानं स्क्रू ड्रायव्हर खुपसला. पोतं टराटरा फाटलं. अर्धी वाळू अंगणात गेली, उरलेली अर्धी त्यानं पुराव्यासाठी स्वतःच उपसली. डोंगर पोखरून उंदीर काढतात, इथं उंदीरही निघाला नाही. डिकी खडखडीत कोरडी होती.

बायको चहा घेऊन बाहेर आली तेव्हा नवरा वाळूच्या ढिगाशेजारी उकिडवा बसून ढीग चाळत होता.

"अहो, हे काय केलंत?"

"नंतर भरतो."

"कशात?"

फाटक्या पोत्याकडे बघून त्यानं चहाचा कप उचलला. चहा घेता घेता त्यानं मनाशी उजळणी केली. सगळं बघून झालं होतं. राहिली होती ती एकच जागा, अप्पांच्या पायाखालची. "अप्पा, जरा पाय उचलता?" हे शब्द ओठांवर आलेसुद्धा. पण सासऱ्यांना पाय उचला कसं म्हणायचं? विमेवाल्यांनाही घर असतं, त्या घरात बायको असते. त्यानं शब्द चहाबरोबर गिळले.

"चला, चालवून बघू," तो म्हणाला.

तो स्टीअरिंगवर, अप्पा शेजारी, बायको मागं. आधी उताराच्या बाजूची गल्ली फिरून यायची आणि मग चढ चढून मोठ्या रस्त्याला लागायचं, असं ठरलं. गाडी लोण्यासारखी सुटली. पण तो काही मजेत चालवत नव्हता. कान इंजिनच्या आवाजाकडे, नाक पेट्रोलच्या वासाकडे, डोळे काट्यांकडे. रस्त्याकडे द्यायला जवळ काही उरलंच नव्हतं.

आणि गाडी थांबली. गचकन.

"थांबली!" तो ओरडला. "अगं बघितलंस? आपोआप!"

"अहो, समोर सायकलवाला आला होता!"

"आला असेल! पण मी ब्रेक दाबला नव्हता, शप्पथ!"

"हं," अप्पा म्हणाले.

पुढच्या वळणावर पुन्हा तेच. तो टेकाडासारख्या त्या लांबलचक नाकाच्या टोकाकडे संशयानं बघत होता, आणि गाडी एका दूधवाल्याच्या अलीकडे उभी राहिली.

"दुसऱ्यांदा! साडू बोलला ते खोटं नव्हतं. माझा पाय बघा, माझा पाय ब्रेकपासून किती लांब आहे!"

"दिसतंय," अप्पा म्हणाले.

मागून बायकोचा आवाज आला. "आपण घरी जाऊ या का?" त्या आवाजात गाडी हातची गेल्याचं दुःख होतं, आणि ते त्यालाही कळलं. पण आता तो मागं फिरणार नव्हता. तपास ऐन रंगात आला होता.

चिखलाच्या चढावर त्यानं मुद्दाम जोरात गाडी घातली. निम्म्यावर एका कुत्र्यानं रस्ता ओलांडला, आणि गाडी तिसऱ्यांदा उभी राहिली. कुत्रं निघून गेलं. त्यानं ॲक्सिलरेटर दाबला. मागची चाकं गरगरा फिरली, चिखलाचे फवारे उडाले, गाडी मात्र तसूभर हलेना.

"बास! सिद्ध झालं!" तो खाली उतरला. चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद मावत नव्हता. "अप्पा, उतरा. ही गाडी धोक्याची आहे. माणसं बसवण्याच्या लायकीची नाही." आणि हात द्यायला त्यानं अप्पांच्या बाजूचं दार उघडलं.

अप्पांचा पाय एका ब्रेकवर होता.

चांगला भक्कम, वर्षानुवर्षं दाबून गुळगुळीत झालेला दुसरा ब्रेक. जावई उतरताच अप्पांनी तो पुन्हा दाबला होता म्हणूनच गाडी चढावरून मागं घसरली नव्हती.

"हे... हे काय आहे?"

"ब्रेक."

"पण ब्रेक तिकडे आहे."

"तो शिकणाऱ्याचा. हा मास्तरांचा."

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. लोकांच्या जळक्या घरांत शंका शोधणाऱ्या माणसाला ते अंगावर चिखल उडाल्यावर कळलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच!

"म्हणजे तुम्ही माझी परीक्षा घेत होता?"

"तुम्ही गाडीची घेत होतात," अप्पा शांतपणे म्हणाले. "म्हटलं, बसल्या बसल्या आपणही घ्यावी. जन्मभर जपलेली गाडी आहे. कुणाच्या हाती जातेय ते बघायला नको?"

"मग मी नापास?"

"मी कुणाला नापास म्हणत नाही. 'पुन्हा या' म्हणतो."

साडूही 'पुन्हा या'वालाच होता तर! एवढ्या नामुष्कीतही त्याला त्या विचारानं थोडं बरं वाटलं.

इकडे बायको खाली उतरली, गाडीला वळसा घालून आली आणि ड्रायव्हरच्या जागी बसली. तिनं सीट पुढं ओढली, आरसा नीट केला, ब्रेकवर पाय ठेवला. स्टीअरिंगवरून तिनं एकदा हात फिरवला, घरी परतलेलं माणूस उंबऱ्याला लावतं तसा.

"धरलाय, अप्पा."

अप्पांनी पाय उचलला. नुसता उचलला नाही, दोन्ही पाय वर घेऊन त्या ऐसपैस सीटवर त्यांनी चक्क मांडी घातली, शाल सारखी केली आणि डोळे मिटून घेतले. त्या घातलेल्या मांडीत काय निकाल होता ते सांगायला नकोच. बायकोचे डोळे भरून आले. त्याच्याही डोळ्यांत काहीतरी गेलं. (वाळूच असणार, अशी त्याला शंका आली.)

पण विश्वासानं चढ चढता येत नाही. चाकं पुन्हा जागेवरच फिरली.

"वजन पाहिजे मागं," डोळे न उघडता अप्पा म्हणाले.

"पोतं तर फाटलं," बायको म्हणाली.

मग बायकोनं आरशातून नवऱ्याकडे बघितलं. नेहमीसारखंच नुसतं बघितलं.

"मागच्या सीटवर बसू?" त्यानं आशेनं विचारलं.

"वाळू कुठं होती?"

तो मुकाट्यानं डिकीत चढला. गुडघे पोटाशी, मान झाकणाखाली वाकलेली, तोंड मागच्या रस्त्याकडे. चाकांनी जमीन धरली आणि ती अवाढव्य गाडी एकही गचका न देता डुलत डुलत चढाला लागली. मागून मघाचाच सायकलवाला येत होता. त्यानं सायकल जवळ आणली, आणि डिकीतल्या गृहस्थाकडे नीट निरखून पाहिलं.

"काय साहेब, गाडी घेतली का?"

याचं लक्ष मात्र खालून येणाऱ्या एका बारीक आवाजाकडे लागलं होतं. त्यानं कान दिला. मग राहवेना, म्हणून पुढं ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला,

"अगं, हा कुईकुई आवाज कसला येतोय?"

उघड्या खिडकीतून अप्पांचं बोलणं ऐकू आलं. "छान चढवलीस. जावयांचं वजन अगदी पोत्याएवढं आहे बघ."

"वजन तेवढंच आहे, अप्पा," बायको म्हणाली. "पण पोतं प्रश्न विचारत नव्हतं."