कशावरून सर

गावस सरांच्या वर्गात नुसतं ‘प्रेझेंट सर’ म्हणून हजेरी लागत नाही. सर चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, “कशावरून?”

मग आपण हजर असल्याचा पुरावा द्यायचा. कुणी बाक वाजवतं, कुणी म्हणतं, “डास चावतोय सर.” रोहन एकदा म्हणाला, “मी नसतो तर तुम्ही इतके वैतागला नसता.” त्याच्यासाठी सरांनी टाळ्या वाजवल्या.

मी इंग्लिश मीडियमची, त्यातून अबोल. अकरावीच्या पहिल्या दिवशी माझं नाव आलं तेव्हा उभी राहिले आणि बोलताच येईना. हाताचा धक्का लागून डब्याचं झाकण पडलं आणि गरगरत थेट सरांच्या पायाशी गेलं. सरांनी ते उचललं. “आवाज आला. हजर,” म्हणाले आणि पुढचं नाव घेतलं.

सरांचा तत्त्वज्ञान हा विषय मी निवडलेला नव्हता, देवाने निवडला होता. आमच्या गोव्यात, पेडण्याला, मोठं काही ठरवायचं तर देवळात कौल घेतात. भटजी मूर्तीला पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बाबांनी विचारलं, “पोरीला कॉमर्सला घालू?” डावी पडली. “सायन्सला?” पुन्हा डावी. आणखी विचारायचा धीर बाबांना झाला नाही. मी आर्ट्सला आले आणि इतिहास, मराठीबरोबर तत्त्वज्ञान पदरात पडलं.

सरांना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. “बाबांनी देवाला विचारलं. तुला कुणी विचारलं?”

“नाही सर.”

“मागीर?”

हा त्यांचा दुसरा लाडका शब्द. मागीर म्हणजे ‘मग पुढे?’ कितीही विचार करून उत्तर द्या, सर ‘मागीर?’ म्हणतात आणि ते उत्तर अर्धवट असल्याचं आपलं आपल्यालाच कळतं.

पुस्तकातली परदेशी उदाहरणं ते वगळत. नीतिशास्त्र आम्ही पोदेरावर शिकलो. पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, शेजाऱ्यांच्या फाटकाला पावाची पिशवी लावून गेला. शेजारी गावाला गेलेत. पाव उद्या वाया जाणार. खायचे की नाही? यावर आठवडाभर भांडण चाललं. शेवटी रोहनने खरंच शेजाऱ्यांचे पाव खाल्ले आणि प्रयोग केला म्हणून सांगितलं. सर म्हणाले, “प्रयोग ठीक. शेजाऱ्यांना सांगितलंस?” रोहन म्हणाला, “नाही.” “मागीर?” रोहनला जाऊन सांगावं लागलं.

बाजारात मात्र सरांचं काही चालत नाही. मी स्वतः ऐकलंय. “हे बांगडे ताजे? कशावरून?” आणि मासेवाली म्हणते, “मास्तर, वास घे आनी गप रव.” सर वास घेतात आणि गप्प राहतात.

मी बारावीत गेले त्या जूनमध्ये प्रिन्सिपल मॅडमनी सरांना सांगितलं, पुरेशी मुलं आली नाहीत तर अकरावीला तत्त्वज्ञान नाही. म्हणजे विषय बंद, आणि निवृत्तीआधीच सर घरी.

सरांच्या प्रवेशाच्या टेबलावर मदतीला बारावीची एक मुलगी हवी होती. बोलक्या मुली कॉमर्सच्या टेबलाकडे पळाल्या. उरले मी.

पालक यायचे आणि विचारायचे, “हे शिकून नोकरी मिळते?”

“सांगता येत नाही,” सर म्हणायचे.

मॅडम मागून कुजबुजल्या, “अहो, सरकारी परीक्षांना उपयोगी पडतं म्हणा ना!”

“कशावरून?” सर म्हणाले. तेवढ्यात पालक निघून गेले.

शेवटच्या दिवशी दुपारी पुरेशी संख्या व्हायला एकच मूल कमी होतं. तुये गावातल्या कारखान्यात काम करणारे एक काका मुलीला घेऊन आले. मुलगी फरशीकडे बघत होती. ते बघणं मला चांगलंच ओळखीचं होतं.

“मास्तर, ह्याचो उपेग कितें?”

“उपयोग मलाही अजून पुरता कळलेला नाही.”

काका उठले. “देवाक विचारतां आनी येतां.”

आणि कुणीतरी बोलायला लागलं. ती मी होते. “काका, अकरावीत माझं नाव घेतलं तरी मला बोलता येत नव्हतं. आता येतं.”

सर माझ्याकडे वळले. “कशावरून?”

त्या क्षणी मी त्यांना टेबलाखाली ढकललं असतं. पण काका हसले. “अहो, आता उलयली मरे ती, मास्तर!” आत्ताच बोलली की, असं त्यांचं म्हणणं.

“देवाला विचारा काका,” मी म्हटलं, “पण आधी हिला विचारा.”

काकांनी लेकीकडे पाहिलं. “तुका जाय गो बाय?” म्हणजे, हवंय का तुला?

तिने मान डोलावली.

“आवाज आला नाही,” सर म्हणाले.

“जाय!” ती अशी ओरडली की कॉमर्सचं टेबल वळून बघायला लागलं.

वर्ग वाचला. मॅडम हसतहसत ऑफिसात गेल्या. सर मात्र खुर्च्या एकात एक घालत रेंगाळले. मांद्र्याला त्यांचं मोठं घर आहे. पत्नी वारल्यापासून वरच्या खोल्या पर्यटकांना देतात, पण जूनमध्ये त्याही रिकाम्या असतात. मुलगा बोटीवर नोकरीला. त्याचाच फोन आला. सरांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो.

“पप्पा, जेवलंस?”

“जेवलों, पुता.”

“बरें.” फोन संपला.

सकाळपासून मी सरांच्या शेजारी बसले होते.

“कशावरून, सर?” मी विचारलं.

सर चष्म्यावरून बघत राहिले. मग त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि उघडला. पोदेराचे पाव आणि पातळभाजी, सगळं जसंच्या तसं. त्यांच्या हातातून झाकण सुटलं आणि गरगरत माझ्या पायाशी आलं.

मी ते उचललं. “आवाज आला,” म्हटलं.

सरांनी झाकण माझ्याकडून घेतलं. मग हळूच म्हणाले, “मागीर?”

“मागीर जेवायचं, सर.” मी एक खुर्ची पुन्हा मोकळी केली, त्यांच्यासमोर ठेवली आणि बसले.