शेजारीण लांब गेली

मंगळवारी सकाळी अनसूयाबाई कुरुंदवाडे यांच्या शेजारचं घर एकशे ऐंशी किलोमीटर लांब गेलं. मिरजेत आता अंतर बोलण्यावरून ठरत असल्यामुळे गल्लीत कुणाला नवल वाटलं नाही. लेक वृंदा टोरांटोहून रोज तासभर व्हिडिओ कॉल करायची, म्हणून तिचं घर परसदाराला येऊन टेकलं होतं. तिकडचा बर्फ इकडच्या कढीपत्त्यावर पडायचा.

शेजारच्या प्रमिला आरवाडेशी मात्र अबोला होता. गल्लीच्या ग्रुपवर अनसूयाबाईंनी पापडांचा फोटो टाकला आणि प्रमिलाने खाली लिहिलं, 'खार जास्त झालाय.' झालं! इतकी वर्षं दोघींनी मिळून पापड लाटले, आणि ही बाई फोटोची चव घेते! अनसूयाबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

पण त्या दिवशी उडदाचं पीठ कुटून तयार होतं. वृंदा मदतीला आली, तर तिच्या अंगणात पापड वाळण्याऐवजी गोठले. खरं म्हणजे पिठाचं निमित्त. प्रमिलाशिवाय अनसूयाबाईंना करमतच नव्हतं. त्या पदर खोचून मोजणी कार्यालयात गेल्या.

"काकू, एस.टी.नं जावा की," मोजणीदार हणमंते म्हणाले. "बायकास्नी अर्धं तिकीट."

"शेजारी जायला एस.टी.?"

"न्हाईतर फोन करा. घर आपसूक जवळ येतंय. पहिला फोन कुणी करायचा, त्यात खातं पडत न्हाई."

"आणि बोलता बोलता भांडण झालं तर?"

हणमंतेंनी साहेबांना विचारून घेतलं. "भांडण धरत्यात. नुसतं बोलणं पायजे."

घरी येऊन अनसूयाबाईंनी अभिमान गिळला आणि फोन लावला.

"फोटो चाटून बघितलास काय गं?"

"तूच पहिला फोन केलास, म्हणजे तुलाबी पटलंय," प्रमिला म्हणाली.

तेवढ्यात तिचं घर सांगोल्याला पोचलं. नेलेली किसणी परत न केल्याचा विषय निघाला, तेव्हा कवठेमहांकाळ मागे पडलं. बारशाला उशिरा आल्याचं निघालं आणि घर आपल्या जुन्या जागेवर येऊन उभं राहिलं. पण दोघी थांबतात कशाला? मधली भिंत बाजूला झाली आणि प्रमिलाचा ओटा अनसूयाबाईंच्या फ्रिजपर्यंत आत आला.

हणमंते टेप घेऊन धावत आले. "काकू, एवढ्या जवळची तरतूद न्हाई. जरा गप बसा, म्हंजे घर हातभर मागं जाईल."

प्रमिलाने आपल्या स्वयंपाकघरातून न उठताच हात लांबवून अनसूयाबाईंचं लाटणं काढून घेतलं. "किती जाड लाटतीस गं! आण इकडं."

अनसूयाबाईंना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. त्यांनी पोळपाट पुढे सरकवला.

"आवो, मी काय म्हणतोय?" हणमंते म्हणाले.

"हात धुवा आणि लाट्या करायला बसा," दोघी एकदमच म्हणाल्या.

हणमंते हात धुऊन बसले.