आल्माबाईंचा डावा घोटा

मॉडेल लॉरेनला गालगुंड झालं, तेव्हा चित्रकार हार्लन एंगस्ट्रॉमने कपाळावर हात मारून घेतला. शुक्रवारी कॅलेंडर कंपनीकडे चित्र रवाना व्हायला हवं होतं, आणि हे चित्र पसंत पडलं तरच पुढच्या तीन वर्षांचं काम मिळणार होतं. चित्र नेहमीचंच. शिडीवर चढून पडदा लावणारी पोरगी आणि खालून तिचा स्कर्ट ओढणारं कुत्र्याचं पिल्लू. लॉरेनच्या चेहऱ्याचे फोटो काढून झाले होते, पायांचे राहिले होते. आणि समोर फोटो नसला तर हार्लनला साधं केळंसुद्धा काढता येत नसे. फोटोत असेल ते मात्र तो तिळासकट उतरवायचा.

त्याने बायकोकडे पाहिलं.

"माझ्याकडे बघूसुद्धा नकोस," व्हर्ना म्हणाली. "हे गुडघे कॅलेंडरवर छापलेस तर लोकांना वाटेल दवाखान्याची जाहिरात आहे."

तेवढ्यात दारात मिस आल्मा स्कोगलंड आल्या, केकचं भांडं परत करायला. आमच्या मिनेसोटात एप्रिलमध्ये चिखल असा असतो की पायरी चढताना भल्याभल्यांना कोट उचलावा लागतो. आल्माबाईंनी तो उचलला आणि व्हर्नाचं लक्ष खाली गेलं. बाईंचं वय अठ्ठावन्न, लग्न केलेलं नाही, चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याची चौतीस वर्षं. ऑर्गन वाजवायला हातांइतकेच पायही लागतात. चौतीस वर्षं पायाने दाबायच्या पट्ट्यांवर नाचून नाचून त्यांचे पाय असे घडले होते की लॉरेनने बघितले असते तर तिचं गालगुंड आणखी फुगलं असतं.

"मिस आल्मा, जरा बसा," व्हर्ना म्हणाली. "कॉफी घ्या. एक विचारू का? रागावू नका हं."

विचारल्यावर बाईंनी कॉफीचा कप खाली ठेवला.

"माझे पाय? कॅलेंडरवर? गॅरेजच्या भिंतीवर, टायरच्या शेजारी?"

"चेहरा लॉरेनचाच असेल," हार्लन घाईघाईने म्हणाला. "पाय कुणाचे ते कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि कळलं तर? चर्चमधल्या बायका मला ऑर्गनवर बसू देतील? अरे, तो ऑर्गन सोडून मला आहे कोण?"

मग त्यांनी व्हर्नाकडे पाहिलं. बाईंची आई दोन हिवाळे अंथरुणाला खिळली होती, तेव्हा रोज संध्याकाळी बर्फ तुडवत गरम सूप घेऊन व्हर्नाच येत होती. आल्माबाई उठल्या.

"कुठाय तो स्कर्ट? पण टोपी मी काढणार नाही."

चर्चची टोपी घालूनच त्या शिडीवर चढल्या. पिल्लू स्कर्ट ओढत होतं आणि बाई डोळे मिटून भजन गुणगुणत होत्या. हार्लनने कमरेखालचे बारा फोटो काढले. चित्र वेळेवर गेलं, कंपनी खूश झाली, कराराचे कागद आले. व्हर्नाने बाईंना मिठी मारली आणि तिघांनी विषय कायमचा बंद केला.

डिसेंबरात लाकडाच्या वखारवाल्याने ते कॅलेंडर गावभर वाटलं. वर एकच मोठं चित्र, खाली बारा महिन्यांची पानं, म्हणजे वर्षभर भिंतीवर तेच. व्हर्नाने चष्मा लावून आपली प्रत पाहिली आणि मटकन खुर्चीत बसली.

"हार्लन, डाव्या घोट्यावर हे काय आहे?"

"व्रण आहे. चंद्रकोरीसारखा. फोटोत होता."

"फोटोत होता म्हणून काढलास? अरे कर्मा! लहानपणी गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताना मिस आल्मांना भावाच्या स्केटची पाती लागली होती तिथे! पुरुषांचा अख्खा कोरस ऑर्गनच्या बाकामागे बसतो. चौतीस वर्षं गाताना तो घोटाच तर बघताहेत ते! जा, आत्ताच्या आत्ता सगळी कॅलेंडरं गोळा कर."

हार्लन आधी गसच्या गॅरेजात गेला. गस कोरसातला सगळ्यात खर्जातला आवाज.

"गस, ते कॅलेंडर दे. छपाईत चूक झालीय."

"चूक असली तर मुळीच देणार नाही. असला माल पुढं दुर्मिळ होतो."

हार्लनने चित्राकडे पाहिलं. डाव्या घोट्यावर चक्क जखमेवर लावायची चिकटपट्टी होती.

"हे काय लावलंयस?"

"फाटलं होतं," गस म्हणाला आणि गाडीखाली शिरला.

न्हाव्याकडे गेला, तिथेही घोट्यावर पट्टी. "माशीनं घाण केली होती," न्हावी म्हणाला. वखारीत पट्टी, औषधाच्या दुकानात तर दोन. शिवाय चित्रकार कॅलेंडरं परत मागतोय ही बातमी त्याच्या पुढे धावत होती. ज्यांना मिळालं नव्हतं तेही वखारीपुढे रांग लावू लागले. हार्लन तणतणत घरी आला.

"आयुष्यात एक घोटा जमला होता, त्यावर पट्ट्या चिकटवतात! कलेची कदर नाही या गावाला."

"ते राहू दे," व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. "मला राहवलं नाही. मी मिस आल्मांना सगळं सांगून टाकलं. त्या राजीनामा लिहून पाद्रीसाहेबांकडे गेल्यात."

दोघं तसेच चर्चकडे धावले.

पाद्री नूडसेन यांच्या खोलीत आल्माबाई ताठ उभ्या होत्या. टेबलावर पाकीट होतं.

"पाद्रीसाहेब, वखारीच्या कॅलेंडरवर माझे पाय आहेत. व्रणासकट. उद्या कुणी बोट दाखवण्याआधी मीच जाते. चौतीस वर्षं तुम्ही लोकांनी मला वाजवू दिलंत, आभारी आहे."

"छे छे, मिस आल्मा, कुणाला कळणार?" पाद्रीसाहेब घाईघाईने म्हणाले. "व्रण दिसतोय कुठे? पट्टी अगदी घट्ट बसलीय, मी स्वतः अंगठ्याने दाबून..."

पाद्रीसाहेबांचे कान लालबुंद झाले.

"बॉयलरच्या खोलीत आहे," ते हळूच म्हणाले. "वखारवाल्याने चर्चलाही एक दिलं. बुधवारी तुम्ही सरावाला यायच्या आधी गसने आम्हाला गोळा केलं. म्हणाला, बाईंच्या केसालाही धक्का लागता कामा नये. मग चर्चच्या शाळेच्या औषधपेटीतला पट्ट्यांचा डबा मीच वाटला. बायकांना कुणालाच ठाऊक नाही."

आल्माबाईंनी तोंडावर हात ठेवला. दारातल्या हार्लनला वाटलं त्या रडताहेत. रडत होत्याच, पण खांदे हसण्याने हलत होते. त्यांनी पाकीट उचललं आणि पर्समध्ये टाकलं.

रविवारी प्रार्थना संपल्यावर त्या बाकावरून मागे वळल्या. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच. कोरसातले नऊ पुरुष एकदम छताकडे बघू लागले.

"थँक यू, मंडळी," बाई म्हणाल्या. "फार मोठं काम केलंत."

"कसलं काम?" गस खर्जात म्हणाला. त्याचं नाक लाल झालं होतं.

संध्याकाळी त्या हार्लनच्या दारात उभ्या होत्या.

"एक प्रत असेल तर दे मला. बिनपट्टीची."

"अगं बाई, आणि लावणार कुठे?" व्हर्नाने विचारलं.

"स्वयंपाकघरात, टेबलासमोर." बाई थोड्या लाजल्या. "आईचं दुखणं काढलंस, त्याचे आभार मानायला आले होते गं मी शिडीवर. आता बघते तर आणखी उपकार माझ्याच अंगावर. अठ्ठावन्न वर्षं हे पाय माझ्याजवळ होते, व्हर्ना, आणि ते चांगले आहेत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."