ब्रेकवरील विश्वासदर्शक ठराव

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावात शाळेसमोर एक गतिरोधक होता. तो कोणी मंजूर केला हे कोणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे तो पक्का बांधला गेला होता. सरपंच उत्तमराव यांचे चिरंजीव अविनाश यांनी पुण्याहून शर्यतीच्या तोडीची, जमिनीला टेकलेली गाडी आणली आणि पहिल्याच दिवशी तिचं पोट त्या गतिरोधकावर खरवडलं. तेव्हापासून गावाचा विकास अडला.

गाडी उंच करावी तर रुबाब जातो. म्हणून अविनाशनं प्रश्नाच्या मुळालाच हात घातला. गाडी जागच्या जागी थांबत असेल, तर तिला थांबवायची उठाठेव रस्त्यानं कशाला करावी? कंपनीचे ब्रेक काढून शर्यतीच्या गाड्यांचे बसवायचं ठरलं. निवडीसाठी चहाच्या टपरीवर समिती बसली. ब्रेकची चकती, म्हणजे डिस्क, आवळून धरणारे कॅलिपर लाल घ्यावेत की पिवळे, यावर बैठक दोनदा तहकूब झाली. अखेर लाल ठरले. ते चाकाच्या जाळीतून लांबून दिसतात, आणि जो दिसत नाही तो ब्रेक काय कामाचा, यावर सर्वांचं एकमत झालं.

समितीचे ज्येष्ठ सदस्य गोविंदा यांनी मोबाइलवर डिस्कचा फोटो पाहिला. “नव्या डिस्कले एवढी भोकं काऊन बे?”

“हवा खेळते, काका. ब्रेक तापत नाही.”

“मंग बसव. आपल्या रस्त्यालेबी सरकारनं तेच केलं हाये.”

मोठी डिस्क जुन्या चाकात मावेना, म्हणून चाकं बदलली. एवढे भारी ब्रेक लावून हळू चालवणं हा ब्रेकचा अपमान ठरला असता, म्हणून अविनाशनं वेग वाढवला. शाळेपाशी मात्र पुन्हा गोगलगाय. सबब ग्रामसभेपुढे विषय आला: उक्त वाहनाचे ब्रेक सक्षम झाल्याने शाळेसमोरील गतिरोधक निष्प्रयोजन झाला असून तो काढून टाकणे.

कोकिळा उठली. तिची छकुली दुसरीत होती आणि तो रस्ता ओलांडूनच शाळेत जायची. “ब्रेक लागते म्हंता ना? मंग दाखवा. एक जण शाळेसमोर उभं राहा, अन् अविनाशले जोरात गाडी आणू द्या.”

मागणी रास्त होती. सभा उत्साहानं रस्त्यावर आली. चुन्याची रेघ मारली गेली. अविनाश गाडी घेऊन लांब जाऊन थांबला. फक्त रेघेवर कोणी उभं राहायचं, एवढाच तपशील बाकी होता.

“गोविंदा, ब्रेक तुमीच निवडले,” उत्तमराव म्हणाले.

“म्या रंग निवडला, सरपंचसाहेब. पोरगं तुमचं हाये, पह्यला मान तुमचा.”

“मी अध्यक्ष हाये. मले बाजूले राहूनच पाहा लागते.”

कोणाला शेतातलं पाणी आठवलं, कोणाला वरवट बकालचा बाजार. उरलेल्यांनी चित्रीकरणासाठी मोबाइल काढले. लांबून अविनाश हॉर्न वाजवत राहिला आणि रेघ रिकामीच राहिली.

“तुमी मोठाले माणसं एकडाव उभे राहत नाही,” कोकिळा रेघेकडे बोट दाखवत म्हणाली, “तिथून माही पोरगी रोज जाते!”

हे इतिवृत्तात न घेता कामकाज पुढे सरकलं. चाचणी घेणे म्हणजे ब्रेकवर अविश्वास दाखवणे होय, अशी नोंद करून ठराव मंजूर झाला. एक सोडून सगळे हात वर गेले. संध्याकाळी जेसीबी आला.

सोमवारी शाळा भरायच्या वेळी, हात वर केलेले झाडून सगळे आपापल्या लेकरांची मनगटं घट्ट धरून रस्त्याच्या कडेला उभे होते. लांबून लाल कॅलिपर दिसू लागले.

“जाऊ दे गाडीले आधी,” गोविंदा नातवाला मागे ओढत म्हणाले. “ब्रेक चांगले हायेत. पण जाऊ दे.”

कोकिळा सकाळीच निंदायला गेली होती. छकुलीचं मनगट धरायला कोणी नव्हतं. दप्तर सावरत ती एकटीच रस्त्यावर उतरली आणि गाडीचा आवाज ऐकून मध्येच, चुन्याच्या रेघेवर थबकली.

वाचकहो, मघाशी त्या रेघेवर कोणाला उभं करावं, याचा विचार तुम्हीही केला असेल. त्यात तुमचं स्वतःचं नाव नव्हतं. छकुलीचंही नव्हतं, पण उभी तीच आहे.