लेम ग्रिग्जचं सर्वोत्तम मरण

अख्ख्या हॉलिवूडमध्ये आपल्यासारखा मरणारा दुसरा माणूस नाही, असं लेम ग्रिग्ज छातीठोकपणे सांगायचा. आणि ते खोटं नव्हतं! दिवाणखान्यात गालिच्यावर मरायचं असो, तलावात पालथं तरंगायचं असो, नाहीतर मेजवानीत सूपच्या बशीत तोंड घालून गार व्हायचं असो, दिग्दर्शक त्याचंच नाव घ्यायचे.

"जिवंत नट पैशाला पासरी मिळतात हो," कॅन्टीनमध्ये बीन्स चिवडत तो म्हणायचा. "मेलेला मिळायला नशीब लागतं! माझ्या नाकावर माशी येऊन बसते, पाय चोळते, उडून जाते. पण पापणी हलेल तर शपथ!"

गोम एवढीच होती, की हा माणूस घरीही तसाच पडून असायचा.

एके काळी तो आणि त्याची बायको हॅटी गावोगाव नाटकमंडळीबरोबर हिंडत. ती पियानोवर गायची, तो तिच्या गाण्यात येऊन धडपडायचा आणि लोक हसून लोळायचे. पुढे बोलपट आले, थिएटरं ओस पडली आणि दोघं कॅलिफोर्नियात येऊन थडकली. लेमला मरायचं काम मिळालं. हॅटीला मिळालं ते दार उघडून "कोण आलंय बघते हं, बाईसाहेब" म्हणायचं. हळूहळू लेम गप्प होत गेला. हॅटीची आई वारली त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ऊर फुटून रडत होती, आणि हा सोफ्यावर छताकडे बघत पडलेला! रडला नाही, बोलला नाही, उठून तिच्याजवळही गेला नाही.

"तू मेलास तर मला कळणार कसं रे?" एवढंच विचारून ती बॅग घेऊन निघाली. पुढे रीतसर घटस्फोट झाला. लेम एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायला गेला. तिथे भिंती कायम दमट असत, आणि तोही.

अशात एक नवा चित्रपट आला, त्या काळात धो धो चालायचे त्या जातीचा. एक श्रीमंत जोडपं काडीमोड घ्यायला निघालंय आणि ऐन पार्टीत त्यांच्या कपाटात एक अनोळखी मुडदा सापडतो. मग मुडदा लपवता लपवता दोघं भांडतात, भांडता भांडता प्रेमात पडतात. खून कोणी केला, याची प्रेक्षकांना फारशी पडलेली नसते. त्या दोघांचं जमतं की नाही, एवढंच बघायचं असतं! मुडदा अर्थात लेम. आणि कपाट उघडून किंचाळणारी मोलकरीण?

हॅटी!

पहिल्या दिवशी दोघांनी एकमेकांना "नमस्कार" केला, दूरच्या नातेवाइकाच्या तेराव्याला भेटल्यासारखा.

शनिवारी दुपारी बाहेर पाऊस लागला होता. लेम चेहऱ्याला राखाडी लेप फासून, काळा सूट चढवून कपाटात उभा होता. तेवढ्यात नायिकेला शिंका सुरू झाल्या आणि काम थांबलं. सगळे पांगले. मुडद्याला सांगायचं मात्र कोणाच्या लक्षात आलं नाही! थोड्या वेळानं कपाटाबाहेर स्टूल सरकल्याचा आवाज आला. हॅटी आणि केशभूषेवाली बाई बोलत बसल्या होत्या.

"मग, ठरलं म्हणायचं तुझं?"

"ठरलं. पुढच्या शनिवारी. ग्लेनडेलला, बेकरीशेजारी मोठं पांढरं घर आहे ना खांबांचं, तिथेच. मिस्टर विंकलरांच्या घरी."

आत लेमनं खाडकन डोळे उघडले. लग्न!

"माणूस कसा आहे गं?"

"शांत. फार शांत. आवाज म्हणून चढवत नाही. पहिल्या बायकोला त्यांनी स्वतःच्या हातानं पुरलं. दुसरीलाही. म्हणाले, परक्याच्या हातात द्यायला मन धजावलं नाही."

कपाटातल्या मुडद्याच्या अंगावर सरसरून काटा आला.

"अगं बाई! आणि तू?"

"माझीही जागा बघून ठेवलीय! टेकडीवर, ओकच्या झाडाखाली. लग्नाची भेट म्हणून. परवा मी दारात उभी होते, तर नुसतं बघून म्हणाले, पाच फूट चार. टेप न लावता!"

"आणि तू हो म्हणालीस?"

"कोणीतरी माझा पुढचा विचार केलाय गं," हॅटी म्हणाली. "तेवढंच पुरे झालं मला."

त्या दोघी उठून गेल्या आणि लेम कपाटातून धडपडत बाहेर पडला. दोन बायका पुरल्या! तिसरीचा खड्डा तयार! अहो, याच धर्तीच्या सात-आठ चित्रपटांत तो स्वतः मेला होता. पुढे काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? त्यानं धावत जाऊन पोलिसांना फोन लावला.

"तुम्हाला हे कळलं कसं?" पलीकडून हवालदारानं विचारलं.

"मी कपाटात होतो."

"कपाटात काय करत होतात?"

"मेलो होतो."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

झालं! आता आपणच गेलं पाहिजे. लेम तसाच, सुटात आणि लेपात, ट्राममध्ये चढला. त्याच्या शेजारच्या बाईनं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पोरं-पिशव्या गोळा करून ती थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. तिकीटवाला हळूच म्हणाला, "काका, दवाखाना मागे राहिला." पण लेमचं लक्षच नव्हतं. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि त्याला टेकडीवरचं ते ओकचं झाड दिसत होतं.

ग्लेनडेलला बेकरीमागच्या बोळात पांढऱ्या घराचं मागचं दार उघडं होतं. फुलांच्या टोपल्या आत नेऊन ठेवत होते. लेम टोपल्यांच्या आडून आत घुसला. अंधारी खोली, लिलीचा गुदमरवणारा वास, आणि मधोमध एक झगझगीत शवपेटी! उघडी. आत पांढरं रेशीम. रिकामी!

"हॅटीची!" लेमच्या तोंडून निघालं. पण पेटी चांगली सहा फुटी दिसत होती. इतक्या मोठ्या पेटीचं काय काम? म्हणून त्यानं इकडेतिकडे पाहिलं. समोरच्या खिडकीच्या काचेवर सोनेरी अक्षरं होती, आतून उलटी दिसणारी. तो एकेक अक्षर लावत गेला. "विं-क-लर. अं-त्य-वि-धी... सन्मानपूर्वक... व... माफक... दरात."

मर्तिकाचा धंदा!

मग बायका पुरणारच की तो! डोळ्यांनी मापं घेणारच! लेमला वाटलं, धरणी दुभंगावी. इतक्यात समोरचं दार वाजलं, बाहेर माणसांचे आवाज आले. मागच्या दाराला बाहेरून कडी पडली होती. धरणी काही दुभंगेना. पेटी मात्र आ वासून समोर होती. लेम आत शिरला, हात छातीवर घेतले आणि मेला.

आयोवाहून मिस ऑग्डेन नावाची वयस्क बाई भावाचं अंत्यदर्शन घ्यायला आली होती. बरोबर नात्यातली दोन-चार माणसं. भावाला कोणी वर्षानुवर्षं पाहिलेलं नव्हतं.

"अगं बाई, किती वाळला हा!" मिस ऑग्डेननं हंबरडा फोडला. "सांगत होते, कॅलिफोर्नियाची हवा मानवायची नाही!"

"आत्या, काकांचं नाक असं नव्हतं हो."

"मरणानं भल्याभल्यांची नाकं उतरतात! बघ, चेहऱ्यावर कशी शांती आहे! जिवंतपणी एवढा गोड कधी दिसला नाही मेला."

पेटीत पडल्या पडल्याही लेमला जरा बरं वाटलं. कौतुक ते कौतुकच!

तेवढ्यात मिस्टर विंकलर आत आले. उंच, किडकिडीत, मेणबत्तीसारखा माणूस. पेटीकडे नजर जाताच ते जागच्या जागी थिजले. पण उभं आयुष्य या धंद्यात गेलेलं. तोंडावरची सुरकुती हलली नाही. ते हळूहळू आले, फुलं सारखी केल्यासारखं करून वाकले आणि लेमच्या कानाशी कुजबुजले, "साहेब, आपण कोण, मला ठाऊक नाही. पण आमच्याकडे श्वास घ्यायची पद्धत नाही."

लेमनं श्वास रोखला.

"आभारी आहे. खरे ऑग्डेनसाहेब शेजारच्या खोलीत आहेत. मंडळी जाईपर्यंत एवढी कृपा करा."

तीही झाली असती! पण शनिवारी तिथे ऑर्गन वाजवायला हॅटी यायची. ती आली, ओली छत्री कोपऱ्यात ठेवली, वळली आणि तिला पेटी दिसली.

"लेम?"

मिस्टर विंकलर पुढे झाले. "मिस हॅटी, जरा बाहेर..."

ती त्यांना ढकलून पेटीपाशी आली. "लेम! अरे, काय झालं रे तुला? आत्ता दुपारी तर धडधाकट होतास! मी बघितलंही नाही रे तुझ्याकडे नीट..."

"तुम्ही कोण?" मिस ऑग्डेन ताडकन म्हणाली.

"बायको!" हॅटी रडत म्हणाली. "म्हणजे... होते."

"माझा भाऊ अविवाहित होता!"

"हा? हा माझ्याबरोबर चौदा वर्षं संसार करत होता!"

"आत्या," मागून कोणीतरी म्हणालं, "म्हणूनच पत्र टाकत नव्हते वाटतं काका."

हॅटीचं कोणाकडे लक्ष नव्हतं. तिनं लेमचा टाय सरळ केला, कपाळावरचे ओले केस मागे सारले. "एकटाच गेलास ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "त्या दमट खोलीत? मी विंकलरांना हो म्हटलं, कारण वाटलं, तुझं माझ्यावाचून काही अडत नाही. तू एकदा म्हणाला असतास ना, हॅटी, जाऊ नको, तर मी बॅग खाली ठेवली असती रे. नुसतं एकदा!"

माशी बसली तरी पापणी न हलवणारा तो माणूस. पण त्याच्या मिटल्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि राखाडी लेपातून वाट काढत कानाकडे गेलं.

ते पहिल्यांदा मिस ऑग्डेनला दिसलं. अशी किंकाळी! साऱ्या हॉलिवूडमध्ये तशी कोणी मारली नसेल! लेम दचकून उठून बसला.

"माफ करा," तो म्हणाला, "मी तुमचा भाऊ नव्हे."

मिस ऑग्डेन लिलीच्या टोपलीत आडवी झाली.

तिला शुद्धीवर आणून, खऱ्या भावासमोर नेऊन बसवून, चहा पाजून संध्याकाळ झाली. (खऱ्या भावाकडे पाहून ती म्हणे म्हणाली, "मघाचाच बरा होता.") मग स्वयंपाकघरात तिघं बसली. लेमनं कपाटापासून सगळं सांगितलं. हॅटीचे डोळे सुजले होते आणि आता त्यांत विस्तव होता.

"म्हणजे तू सगळं ऐकत पडला होतास? मी रडत होते आणि तू मेल्याचं सोंग करत होतास?"

"पहिल्यांदा सोंग होतं," लेम म्हणाला. "मग उठायचं कसं, तेच सुचेना. हॅटी... जाऊ नको."

"आता? आता म्हणतोस?"

मिस्टर विंकलरांनी कॉफीचा कप बशीत ठेवला. "मिस हॅटी, माझ्या घरात रोज बायका रडतात. रीतीचं रडणं कोणतं आणि खरं कोणतं, ते मला पाठमोरं ऐकूनही कळतं. माझ्या दोघी गेल्या तेव्हा मी खरं रडलो. तुम्ही माझ्यासाठी रीतीचं रडाल. मला ते चालणार नाही. आपण मोकळ्या आहात."

"वा!" हॅटी उसळून उभी राहिली. "एक पेटीत पडून ठरवतो, दुसरा कॉफी पीत ठरवतो! मला कोणी विचारणार आहे का?"

तिनं छत्री उचलली आणि ती पावसात निघून गेली. एकटी. मागे टेबलाशी दोघं पुरुष उरले. विंकलर म्हणाले, "ॲपल पाय घेणार का थोडा? शेजारच्या बेकरीतला आहे." लेमनं घेतला. दोघांपैकी कोणालाच तो गेला नाही.

सोमवारी पुन्हा कपाटाचा प्रसंग. कॅमेरा सुरू झाला. हॅटीनं दार उघडलं, लेम ठरल्याप्रमाणे लाकडासारखा तिच्या अंगावर कोसळला. तिनं किंचाळायचं आणि त्याला खाली टाकायचं, असं ठरलं होतं. ती किंचाळली. पण टाकेना! दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहिली.

"सोड त्याला!" दिग्दर्शक ओरडला. "मेलाय तो!"

"नाही सोडत!" हॅटी म्हणाली.

"तुझा कोण लागतो तो?"

"बघू अजून!"

ते 'बघू' बरेच आठवडे चाललं. लेम रोज संध्याकाळी तिच्या दारात जाऊन काहीतरी बोलायचा. त्याला जमायचं नाही. हवा, बीन्स, लाँड्रीचा मालक, असं काहीबाही. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकून घ्यायची. एकदा तिच्या आईचा विषय निघाला आणि त्याला पुढे बोलता येईना. त्या दिवशी तिनं त्याला आत घेतलं.

चित्रपट लागला तेव्हा दोघं जवळच्या थिएटरात गेली. लोक खदखदा हसत होते. पडद्यावर श्रीमंत जोडपं भांडत होतं, शॅम्पेन उडत होती. लेम खुर्चीच्या टोकावर सरकून बसला. कपाट आलं! आता... आता...

बंद दाराआडून एक किंकाळी आली, मग दाराच्या फटीतून एक बूट बाहेर डोकावला आणि गोष्ट पुढे गेली. बाकी सगळं कापून टाकलं होतं!

हॅटीनं अंधारात लेमचा हात धरला. "पाय छान आलाय हो तुझा," ती कुजबुजली.

"तो माझा पाय नाही, हॅटी," लेम म्हणाला. "कोणा दुसऱ्याचाच घातलाय त्यांनी."

"माहीत आहे मला. ती किंकाळी तरी कुठे माझी आहे? बघ गप्प, त्या दोघांचं जमतंय!"