हरिकाकांची फियाट, सुट्या भागांत

आमच्या शेजारचे हरिकाका जुनी फियाट विकायला निघाले तेव्हापासून त्यांच्या लेंग्याच्या खिशात कायम पाना असे. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की काका चिडत नसत. पाना काढत आणि गोडीत विचारत, "एवढ्यात डावा आरसा येल. काढून देऊ?" आणि खरोखरच आरसा सैल करायला लागत.

बोईसरच्या एका कंत्राटदाराला त्यांनी असाच वायपर देऊ केला. वाणगावचा मिरचीचा व्यापारी गाडीला भंगार म्हणाला, त्याच्या वाट्याला नुसतं हॉर्नचं झाकण आलं. जाताना दोघांच्याही हातात वाडीतले चिकू मात्र ठेवले. पाणउतारा करायचा, पण रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हा काकांचा खाक्या.

विकणं तर भाग होतं. डोळे अधू झाले म्हणून डॉक्टरांनी गाडी चालवायला साफ मनाई केली होती. मूलबाळ नाही, काकूही गेल्या. या फियाटमध्ये काकू चपला बाहेर काढून, सीटवर मांडी घालून बसायच्या. गाडी सुटायची आणि चपला रस्त्यातच राहायच्या. अशा किती जोड्या डहाणूच्या वाटेवर गेल्या, देव जाणे. आपल्या माघारी ही गाडी भंगारात जाऊ नये, कुणीतरी चालती ठेवावी, एवढीच काकांची तळमळ होती. भावात थोडं खाली उतरा, असं मी सुचवलं, तर पाना माझ्यावर रोखला.

मग सरावलीहून कंपनीत कामाला असलेला एक तरुण बायकोला घेऊन आला. चाचरत त्याने निम्मा भाव सांगितला. काकांचा हात खिशात गेला. तेवढ्यात त्याच्या बायकोने दार उघडलं, चपला बाहेरच काढल्या आणि पुढच्या सीटवर ऐसपैस मांडी ठोकली.

काकांचा हात खिशातच राहिला. मग ते म्हणाले, "निम्म्या भावात निम्मी गाडी. पुढची तुमची. मागची सीट माजी हाय, रविवारी मी बसनार."

आता दर रविवारी फियाट दारात येते. काका सकाळपासूनच इस्त्रीचा शर्ट घालून ओट्यावर तयार असतात. मागे बसून कंटाळत नाही का, असं मी एकदा विचारलं.

"नाय रे," ते म्हणाले. "मागनं बघितलं की तीच बसलीय असं वाटतं. आनि चपला उचलून आत घ्यायला कोनी नको?"